जुने घर, नवे कर्ज

बारामती आणि इंदापूरच्या जुन्या पेठांत दगडी जोत्याची, माळवदाची घरे अजून दिसतात. अशा घराची दुरुस्ती करण्यासाठी कुटुंब बँकेत जाते, तेव्हा त्याला भिंतींच्या वयाची काळजी असते. ती अगदीच निराधार नाही. मूल्यनिर्धारक इमारतीचे उरलेले आयुष्य लिहून देतो आणि कर्जाची मुदत त्याच्या आत बसवावी लागते. परंतु खालच्या जागेची किंमत भिंतींबरोबर झिजत नाही.

खरी अडचण कागदाची असते. घरपट्टीच्या पावत्या वर्षानुवर्षे जपलेल्या असतात. पण तो कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. बँकेचा वकील मिळकत पत्रिका मागतो, आणि तिच्यावर बहुधा दिवंगत आजोबांचेच नाव असते. खेड्यांतील गावठाणात तर अनेक घरांना मिळकत पत्रिकाच नव्हती. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ती मिळू लागली.

मग वारसनोंदीचा विषय निघतो आणि सासरी गेलेल्या बहिणींची आठवण होते. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही ‘बँकेला हवे आहे’ एवढेच सांगून बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतले जाते. बँकेला हवी असते निर्वेध मालकी. बहिणीने हक्क सोडलाच पाहिजे, असे नव्हे. अचौर्य अणुव्रत पाळणाऱ्या घरात हा फरक तिला समजावून सांगायलाच हवा.

हक्क न सोडता ती सहमालक म्हणून गहाणखतावर सही करू शकते. मात्र अशा वेळी बँका बहुधा तिला सहकर्जदारही करून घेतात. हप्ते थकले तर तिचा हिस्साही अडकतो, हे तिला आधीच कळले पाहिजे. तिला ही जोखीम नको असेल, तर हिश्श्याची वाजवी किंमत ठरवून नोंदणीकृत दस्त करावा आणि रक्कम तिच्या खात्यात जमा करावी.

या साऱ्याला वेळ लागतो. म्हणून गवंड्याला विसार देण्यापूर्वी नगर भूमापन कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज द्यावा; मृत्यूचे दाखले आणि सर्व वारसांची नावे, बहिणींसह, त्याच अर्जात द्यावीत.