भोकरीची काडी

इंग्लंडात केंटमधल्या ब्रॉग्डेलला सफरचंदाच्या 2,000हून अधिक जाती झाडांवर जिवंत राखल्या आहेत. आणि आपल्या नाशकात द्राक्षाचं काय? बाजारात पाहा: बहुतेक थॉमसन, नाहीतर तिच्याच गोतावळ्यातली सोनाका किंवा तास-ए-गणेश. भोकरी, फकडी, साहेबी ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी उरली. पूर्वी पांगाऱ्याच्या जित्या आधारावर चढणारी भोकरी बियांची; बिनबियांच्या जमान्यात तिला कोण विचारणार? शेतकऱ्याला दोष देता येत नाही, कर्ज फेडायचं तर खपेल तेच लावावं लागतं. पण परसदाराला बाजाराचं सोयरसुतक नाही, तिथे भोकरी लावा. बी मात्र लावू नका, आईसारखी लेक निघेलच असं नाही. पुण्याच्या गणेशखिंडीत फळसंशोधक डॉ. चिमांना पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून चिमा साहेबी मिळाली ती अशीच. जात जशीच्या तशी हवी तर काडीच हवी: ऑक्टोबर छाटणीत निघालेली, पेन्सिलीएवढी जाड, पिकलेली, तीन-चार डोळ्यांची. खालचे दोन डोळे मातीत, वरचे बाहेर, डोळ्यांची तोंडं वर; उलटी खोचलीत तर वेळ फुकट. पावसाळ्यात केवडा आणि नंतर भुरी हे रोग येणारच, तेवढी तयारी ठेवा. कुणाच्या जुन्या वाड्यात, मळ्यात असा वेल उरला असेल, तर यंदाची छाटणी चुलीत घालण्याआधी चार काड्या शेजाऱ्याला द्या.