मध्यस्थाचा मक्ता मोडा! डॉ. दत्ता सामंतांच्या बंडाचा धडा

मुंबईचा गिरणीसंप होऊन चाळीस वर्षे उलटली, तरी शेटजींचे भाट अजून एकच पोवाडा गात आहेत, की डॉ. दत्ता सामंतांनी गिरणीकामगाराला देशोधडीला लावले. खानदेशातील आमचे कित्येक शेतकरी व कारागीर बांधवही हे ऐकून मान डोलवितात. म्हणून या आरोपाची झडती घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सामंत मूळचे डॉक्टर. घाटकोपरात दवाखाना चालवीत असता खाणीत दगड फोडणारे मजूर त्यांच्याकडे येत. या दुखण्याचे औषध बाटलीत नसून मजुरीत आहे हे ओळखून ते युनियनच्या कामात पडले. काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले. पण १९७५ च्या आणीबाणीत त्यांच्याच पक्षाच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. स्वतःच्याच आमदाराचे सरकारला भय का वाटावे? तो शेटजींचे ऐकत नव्हता म्हणून. दुसरे काय!

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणीकामगार सामंतांच्या पुढारीपणाखाली संपावर गेले. त्यांची मागणी केवळ पगारवाढीची नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका ठिकाणच्या एका धंद्यात एकाच युनियनला प्रतिनिधी ठरविले होते. मुंबईच्या गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगाराचा विश्वास असो वा नसो, मालकाशी बोलणी करणार तोच! हा कायदा रद्द करा, असे कामगार म्हणत होते.

आमच्या वाचकांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो निर्मिक आणि त्याची लेकरे यांच्यामध्ये दलाल नको म्हणून. गावजोशाला लग्नास बोलावले नाही, तरी त्याने दक्षिणेचा दावा लावावा, असा एक काळ होता. देवाशी बोलण्याचा मक्ता भटजीकडे, कापसाचा भाव सांगण्याचा मक्ता अडत्याकडे आणि कामगाराच्या वतीने बोलण्याचा मक्ता सरकारमान्य युनियनकडे. नावे तीन, धंदा एकच.

आता गिरण्या कोणी बुडविल्या ते पाहा. नफा खाल्ला, जुनी यंत्रे तशीच रेटली, आणि संप चालू असता भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतले. पुढे १९९१ साली गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली. तीन वाटे करावे, एक मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक घरांस, एक मालकास, असा नियम होता. २००१ साली तो बदलून वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या भूखंडापुरती उरविली. लालबाग-परळात आज चिमण्यांच्या जागी मनोरे उभे आहेत. बुडाला कोण आणि तरला कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

डिसेंबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने लोकसभेत चारशेंवर जागा जिंकल्या. त्या लाटेतही दक्षिण-मध्य मुंबईच्या मतदारांनी सामंतांना दिल्लीस धाडले. बंड खरेच, पण चारशेंपुढे एकटा! कायदा जागचा हलला नाही. १९८९ साली ते पडले, आणि १६ जानेवारी १९९७ रोजी पवईस त्यांचा गोळ्या घालून खून झाला. तो संप रीतसर मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केले नाही.

सामंतांची बाजू घेऊनही एक कडू गोष्ट आम्ही बोलणार. डॉक्टर सांगतील ती पूर्व दिशा, असे कामगार म्हणू लागला. नको असलेला मध्यस्थ उठवून त्याच पाटावर आवडता मध्यस्थ बसविला; पाट तेवढा मोडला नाही. ‘दीनबंधू’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सरकारपुढे अर्ज ठेविला तो साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी. वाट पाहावी लागली, पण १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. लोखंडे पुढारी खरे, परंतु अर्ज कामगारांचा होता.

जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे या गावांनी गिरण्यांचे भोंगे ऐकले आहेत. आमचाच कापूस तेथे सूत होई आणि आमचीच मुले तेथे साच्यावर उभी राहत. म्हणून बंधुभगिनींनो, हा मुंबईचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नका. युनियन असो, बाजार समिती असो वा गावची सोसायटी असो, आमच्या वतीने बोलणारा आमच्या गुप्त मतानेच निवडला पाहिजे, आणि नको झाल्यास आमच्याच मताने उठविता आला पाहिजे. दिल्लीच्या वाटेला लागलेला जो कोणी तुमच्या दारी मत मागावयास येईल, त्याला आधी एवढेच विचारा: या हक्कासाठी तू भांडशील काय? शूर माणूस मिळाला तर त्याला अवश्य निवडा, पण आपले तोंड त्याच्याकडे गहाण ठेवू नका.