कापूस निघेपर्यंत खोलीभाडं कोण भरणार?

शासकीय वसतिगृहाची यादी लागली आणि तिच्यात नाव नसलं की पोरांना एकच सल्ला मिळतो, "स्वाधारचा फॉर्म भर." आदिवासी असेल तर स्वयम, ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांतला असेल तर सावित्रीबाई फुले आधार योजना. तिन्हींचा गाभा एकच. वसतिगृहात जागा नाही, म्हणून जेवण, खोलीभाडं आणि वरखर्चाचे पैसे सरकार थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकणार.

योजना चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माझा मुद्दा पैसे कधी येतात आणि किती येतात, याचा आहे.

आधी किती, ते बघू. यवतमाळ महापालिका नाही, त्यामुळे आपण ४३,००० च्या गटात. त्यात २५,००० जेवणाचे, १२,००० राहण्याचे, ६,००० निर्वाह भत्ता. अमरावतीला शिकणाऱ्याला ५१,०००, नागपूर-पुण्याला ६०,०००. आपल्या १२,००० ला शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांनी भागा. महिन्याला १२०० रुपये. यवतमाळात १२०० रुपयांत खोली तर सोडाच, नुसती कॉट मिळते का, ते तुम्हीच सांगा. तिघं मिळून एका खोलीत राहिले तर जमतं, आणि पोरं तसंच करतात.

हा दर कधीचा? स्वाधार आणि स्वयम २०१६-१७ ला आल्या तेव्हाचा. सात वर्षांनी, २०२३-२४ मध्ये ओबीसींसाठी आधार योजना आली, तेव्हा नवा हिशोब व्हायला पाहिजे होता. पण तेच ६०, ५१, ४३ चे आकडे जसेच्या तसे उतरवले. त्यातही एका जिल्ह्याला फक्त ६०० विद्यार्थी. या सात वर्षांत कोणत्या घरमालकानं भाडं वाढवलं नाही, तो मला दाखवा.

आता कधी येतात, ते. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

घरमालकाला जून-जुलैत पैसे लागतात. एक महिन्याचं भाडं, वर डिपॉझिट. मेसवाला ॲडव्हान्स मागतो. आणि आपल्या जिल्ह्यात जून-जुलै म्हणजे काय, हे मुंबईत बसून जीआर काढणाऱ्याला कळत नसेल, तुम्हाला कळतं. बियाणं, खत, फवारणी, डवरणी. घरात होतं नव्हतं ते सगळं वावरात गेलेलं असतं. कापूस वेचून हातात पैसा यायला दिवाळी उजाडते, पाऊस बिघडला तर त्याच्याही पुढे. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात पोराचं भाडं द्यायचं असतं. तेव्हा सरकारचा पैसा कुठे असतो? वसतिगृहाच्या याद्या संपल्यावर अर्ज. मग उत्पन्नाचा दाखला, स्थानिक रहिवासी नसल्याचं शपथपत्र, भाडेकरार. करार लिहून द्यायला घरमालक तयार नाही, कारण त्याला टॅक्सची भीती. मग छाननी, त्रुटी, मंजुरी, आणि मंजुरी झाली तरी 'निधी उपलब्ध नाही'. हप्ता पडतो कधी डिसेंबरात, कधी मार्च एंडला, कधी परीक्षा होऊन पोरगा गावी परत गेल्यावर.

तोपर्यंत भाडं कोणी भरलं? बचतगटानं, मायक्रोफायनान्सनं, नाहीतर गावातल्या सावकारानं. त्याचं व्याज कोणत्याच जीआरमध्ये बसत नाही. ज्याला उसने पैसे मिळतात तो टिकतो. ज्याला मिळत नाहीत तो 'प्रायव्हेट'ला फॉर्म भरतो आणि कामाला लागतो. म्हणजे मदत सगळ्यात गरिबाला नाही, ज्याची थोडीफार पत आहे त्यालाच मिळते.

निधी का नसतो? स्वाधारचा पैसा अनुसूचित जातींच्या योजनेतून येतो, स्वयमचा आदिवासी उपयोजनेतून. हा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात बाजूला काढून ठेवायचा असतो. पण मे २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५.७० कोटी महिला व बालविकास विभागाकडे वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. सरकार म्हणतं, लाभ घेणाऱ्या बहिणी त्याच समाजाच्या आहेत. मान्य. पण घरात काय होतं बघा. आईला १५०० मिळतात, पोराचं भाडं अडकतं, आणि आईचे १५०० घरमालकाला जातात.

पैनगंगेच्या पल्याड, आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं तेव्हाच, २०१३ मध्ये, या उपयोजनांच्या निधीसाठी कायदा झाला. तेलंगणानंही २०१७ मध्ये स्वतःचा केला. कायदा असला म्हणजे पळवाट नाही असं नाही, कर्नाटकात कायदा असूनही वाद झालेच. पण निदान विचारायला कलम असतं. आपल्याकडे ही मागणी जुनी आहे. आपला जिल्हा साडेअठरा टक्के आदिवासी, पांढरकवडा आणि पुसद असे दोन प्रकल्प इथे. मग हा प्रश्न आपल्या आमदारांनी विधानसभेत नाही विचारायचा, तर कोणी?

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. यवतमाळात खोली विचारायला गेलं की पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" मग खोली 'कालच गेलेली' असते. झरी-जामणीच्या कोलाम पोडावरून आलेल्या, घरात पहिल्यांदाच बारावी झालेल्या मुलीच्या खात्यात पैसे टाकले म्हणून तिला खोली मिळेलच असं नाही. वसतिगृहात गृहपाल असते, मेस असते, आजारी पडलं तर कोणीतरी विचारतं. म्हणून खात्यात पैसे टाकले की वसतिगृह बांधायची जबाबदारी संपली, हे मला पटत नाही. मुलींसाठी तर अजिबातच नाही.

बोगस लाभार्थी आहेत का? असतील. गावातच राहून शहरातलं भाडं उचलणारेही असतील. त्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट आहे, ती पुढच्या हप्त्याला लावा. पहिला हप्ता प्रवेशाच्या पावतीवर, जुलैतच द्या. ज्यांनी मागच्या वर्षी लाभ घेतला, त्यांची कागदपत्रं तर तुमच्याकडे आहेतच, त्यांना पुन्हा रांगेत का उभं करता? आणि निवास भत्ता दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा, जसा कर्मचाऱ्यांचा डीए वाढतो.

स्वाधार, स्वयम किंवा आधारमध्ये असलेल्या पोरा-पोरींनी कमेंटमध्ये तीनच गोष्टी लिहा : तालुका, मंजुरीचा महिना, पहिला हप्ता पडल्याचा महिना. नाव लिहू नका, खातं नंबर तर अजिबातच नाही. यादी झाली की तिची प्रिंट काढून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आणि दोन्ही प्रकल्प कार्यालयांत देतो, पोच घेऊन.