माध्यमांची मक्तेदारी आणि सरकारची सोयीस्कर तटस्थता

वृत्तपत्रे आणि वाहिन्या मूठभर उद्योगपतींच्या हाती का जात आहेत, असे विचारले की दिल्लीचे सरकार बाजाराकडे बोट दाखवते. सरकार कोणत्या पक्षाचे, याने या उत्तरात फरक पडलेला नाही. मक्तेदारी जणू वळवाच्या पावसासारखी आभाळातून पडते!

वस्तुतः माध्यमांची मालकी सरकारने कधीच निव्वळ बाजारावर सोपवली नव्हती. एके काळी कागदाचा कोटा सरकारच्या हाती होता. जाहिरातींचे वाटप आणि वाहिन्यांचे परवाने आजही आहेत. बड्या साखळी पत्रांनी स्वस्तात जादा पाने देऊन लहान पत्रांचा गळा घोटू नये, म्हणून १९५६ साली किंमत व पाने यांची सांगड घालणारा कायदा झाला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन घटनाबाह्य ठरवले. ‘सकाळ’ हे काही ज्यूट गिरणीवाल्यांचे पत्र नव्हते. पानांवरचे बंधन अखेर विचारांवर येते, हा मुद्दाही खोटा नव्हता. चुकले ते सरकारचे हत्यार. मालकीला हात घालायचा सोडून त्याने पानांना हात घातला.

पुढे आणीबाणीत सरकार स्वतःच मक्तेदार बनले. १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र कोंबून ‘समाचार’ उभारण्यात आली. ती १९७८ मध्ये मोडावी लागली. तेव्हापासून ‘नियंत्रण’ हा शब्द ऐकताच कार्यकर्ते दचकतात, आणि ते योग्यच आहे. पण मजकुरावरील नियंत्रण वेगळे आणि मालकीवरील मर्यादा वेगळी. हा भेद पुसण्यात उद्योगपतींइतकाच सत्ताधाऱ्यांचाही स्वार्थ आहे.

वृत्तपत्रे इतर उद्योगांच्या वर्चस्वातून मुक्त करावीत, असे न्या. मॅथ्यू यांच्या दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ साली सुचवले. मुद्रित माध्यम आणि दूरचित्रवाणी या दोहोंत एकाच घराण्याचे वर्चस्व नको, अशी शिफारस ऑगस्ट २०१४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केली. तिचा कायदा झाला नाही. त्याच वर्षी ‘नेटवर्क१८’ रिलायन्सकडे गेले, डिसेंबर २०२२ मध्ये ‘एनडीटीव्ही’ अदाणी समूहाकडे. २०२४ मध्ये रिलायन्स व डिस्ने यांच्या वाहिन्या एकत्र आल्या, तेव्हा स्पर्धा आयोगाची मंजुरी मात्र काही महिन्यांत मिळाली.

ज्या मालकाचे बंदर, खाण वा दूरसंचार परवाना सरकारी सहीवर चालतो, त्याच्या संपादकावर सेन्सॉर अधिकारी नेमावा लागत नाही. हे दिल्लीला पक्के ठाऊक आहे. म्हणूनच मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कार्यकर्त्यांनी जाहीर सभेत विचारले पाहिजे : २०१४ च्या त्या शिफारशींचे विधेयक लोकसभेत कधी आणणार?