सोडायला आलेले दारातच थांबतात

मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या आईवडिलांना सोडायला निम्मं घर विमानतळावर येतं. दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट ताडून पाहतो, आणि तिथून पुढे फक्त प्रवासी जातो. चेक-इन करून देणारा भाचा, बॅगा भरणारी सून, सगळे बाहेर. म्हणून विनंती प्रवाशालाच आहे. तयारी कुणीही करो, आपल्या बॅगेत काय आहे आणि कुठला कागद कुठे आहे, हे तुम्हाला स्वतःला ठाऊक हवं. तिकीट, व्हिसा आणि मुलाचा तिथला पत्ता-फोन कागदावर छापून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ नेमकी रांगेत सापडत नाही.

तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा. यात आपल्याकडे बायकांची फार पंचाईत होते. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मुलाने तिकिटावर घातलेलं तिसरंच काहीतरी. ही दुरुस्ती विमान कंपनीकडून आठवडाभर आधी करून घ्या. काउंटरवर लग्नाचा दाखला पुढे केला म्हणजे भागेल, या भरवशावर राहू नका. पासपोर्टची मुदतही बघा. अनेक देशांना ती सहा महिने तरी शिल्लक लागते.

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगू नका. मुंबईत टर्मिनल 1 विलेपार्ल्याला, टर्मिनल 2 सहारला, आणि आता नवी मुंबईचा विमानतळ वेगळाच. गोव्यातही दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ एकमेकांपासून बरेच दूर आहेत.

खरी गंमत बॅगेत असते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हमखास भरल्या जातात. त्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, कारण खोबऱ्यात तेल भरपूर, आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. कापूर, काडेपेटी कुठल्याच बॅगेत नको. पूजेच्या डब्यात ती गुपचूप बसलेली असतात. अडकित्ता हातातल्या बॅगेत असेल तर तपासणीत जाणारच. दुबईला किंवा सिंगापूरला निघाला असाल तर अनारसे पुन्हा एकदा बघून घ्या. त्यांच्यावरची खसखस या दोन्ही ठिकाणी अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि तिथले अधिकारी फराळ म्हणून सोडून देत नाहीत. झोपेच्या, वेदनेच्या गोळ्यांचंही तसंच. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच.

पॉवरबँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायचा. मर्यादा 100 वॉट-अवरची आहे आणि नेहमीचा 20,000 एमएएचचा पॉवरबँक साधारण 74 भरतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. द्रव पदार्थांना आंतरराष्ट्रीय प्रवासात 100 मिलीची मर्यादा आहे आणि बघतात तो बाटलीवरचा आकडा. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी उरलेलं खोबरेल तेलही काढून घेतात. लोणचं, तूप मोठ्या बॅगेत, पण तिथेही दोन पिशव्यांत बांधून. एका बॅगेला 23 किलो असतील तर घरच्या काट्यावर 22 ला थांबा. काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून साड्यांखालून चकलीचे डबे उपसणारी कुटुंबं रोज दिसतात. असं होऊ शकतं, म्हणून सोडायला आलेल्यांनीही गाडी लगेच काढू नये.

गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर दोन दिवस आधी सांगून ठेवा. यात कमीपणा कसला? टर्मिनल 2 मधलं चालणं धडधाकट माणसालाही दमवतं. इमिग्रेशनला कुठे, कुणाकडे, किती दिवस, एवढंच बहुधा विचारतात. उत्तर मराठीत किंवा हिंदीत दिलं तरी चालतं. जाताना भरायचा फॉर्म भारतीयांसाठी 2017 च्या जुलैपासून बंद झाला आहे, त्यामुळे पेन शोधत फिरू नका.

एक गोष्ट मुलं सांगायला विसरतात. अमेरिकेत ज्या शहरात पहिल्यांदा उतराल, तिथेच पट्ट्यावरून बॅगा घेऊन कस्टममधून बाहेर यायचं आणि त्या पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यायच्या. बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटच्या शहराचं नाव असलं तरीही बहुधा हेच करावं लागतं. ते ठाऊक नसलं, की माणसं डेट्रॉइटला पोचतात आणि बॅगा शिकागोत फिरत राहतात.