काजळीची चाळणी

डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या ‘भारत स्टेज सहा’च्या नियमांनी नव्या डिझेल मोटारीच्या काजळीवर दर किलोमीटरला ४.५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि धुराच्या वाटेवर चाळणी आली. हे इष्टच झाले.

परंतु चाळणीत साठलेली काजळी जळण्यास सुमारे सहाशे अंश उष्णता लागते. नागपूर-हैदराबाद महामार्गावर सलग धावणाऱ्या गाडीत हे दहन विनासायास होते. तीच गाडी महामार्ग सोडून आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरसारख्या गावी घर ते बाजार एवढीच फिरू लागली, की धूर पुरेसा तापत नाही. गाडी जादा डिझेल सोडून काजळी जाळू पाहते. तोच मुक्काम येतो, इंजिन बंद होते आणि काम अर्धेच राहते. आमच्या किनाऱ्यावरील वाडी ते बंदर अशा फेऱ्यांचीही हीच गत आहे.

मग इशाऱ्याचा दिवा लागतो, खर्च अंगावर येतो आणि चाळणीच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो बेकायदा तर आहेच. शिवाय ती काजळी शेजारच्या मुलांच्या छातीत जाते. दिवा लागताच वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग चालविली, तर बहुधा हा प्रसंग टळतो. ज्याची धाव गावापुरतीच, त्याने डिझेलचा मोह न धरणेच बरे. मात्र हे सारे विक्रीपूर्वी, ग्राहकाच्या भाषेत सांगणे हे आमच्या मते विक्रेत्याचे कर्तव्य होय. ते कायद्यानेच बंधनकारक करावे.