‘पोट्टे बिघडतील’ म्हणणाऱ्यांना उत्तर

वयात येणाऱ्या मुलामुलींना लैंगिक आरोग्याचं आणि व्यसनांपासून दूर राहण्याचं शिक्षण गावानंच, गावातच द्यावं, असा विषय निघाला की बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘‘हे सांगून पोट्ट्याईले बिघडवता काय?’’ मग बाकीचे आक्षेप येतात. हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न आहे. व्यसनांसाठी कायदा आहे, पोलीस आहेत. आणि शाळेत शिकवतातच की! हे बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. त्यांत आईबाप आहेत, मास्तर आहेत, सरपंच आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच त्यांचा एकेक आक्षेप नीट तपासायला हवा.

माझी भूमिका आधीच मांडून टाकतो. लैंगिक आरोग्य आणि व्यसनप्रतिबंध हे दोन विषय एकत्र शिकवले पाहिजेत. ते वर्षभर चालले पाहिजेत, शिकवणारी माणसं त्याच गावातली आणि प्रशिक्षण घेतलेली असली पाहिजेत, आणि या सगळ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीनं उचलली पाहिजे.

पहिला आक्षेप बिघडण्याचा. यामागचं गृहीतक असं, की सांगितलं नाही तर मुलांना कळणार नाही. ज्या काळात चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन नव्हता, त्या काळातही हे गृहीतक खोटं होतं. आज तर शेतात खत टाकायला गेलेला मुलगाही बांधावर बसून हवं ते बघू शकतो. तिथं त्याला जे दिसतं त्यात संमती नसते, गर्भधारणेची भीती नसते, आजार नसतो, समोरच्या मुलीचं मन नसतं. घरानं आणि गावानं सोडून दिलेली जागा असं शिक्षण भरून काढतं. बालकांच्या अश्लील चित्रफितींविषयीच्या खटल्यात सप्टेंबर 2024 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज बोलून दाखवली आणि त्याबद्दलच्या गैरसमजांवरही बोट ठेवलं, ते यासाठीच. युनेस्कोनं 2018 साली सुधारित मार्गदर्शिका काढली तेव्हा जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. अशा शिक्षणानं मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं त्यात आढळलं नाही; उलट काही ठिकाणी सुरुवात लांबल्याचं दिसलं.

परदेशातलं उदाहरण नको असेल तर शेजारी बघा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं पैठण तालुक्यातलं पाचोड. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेनं 1990 च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग सुरू केला. संध्याकाळी रोज तासभर. शिकवायला बाहेरून कोणी तज्ज्ञ आणले नाहीत. गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्यात आरोग्य होतं, पोषण होतं, स्थानिक कारभार कसा चालतो हेही होतं. या गावांमध्ये मुलींच्या लग्नाचं मध्यक वय काही वर्षांतच 16 वरून 17 वर गेलं. बिघडण्याची भीती घालणाऱ्यांनी या एका वर्षाकडे बघावं. मुली बिघडल्या असत्या तर धास्तावलेल्या आईबापांनी त्यांची लग्नं आणखी लवकर उरकली असती.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. तो फार जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले झेलले. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरला, पण आज कर्व्यांना शिक्षा करणाऱ्यांची बाजू घ्यायला कोणी तयार होणार नाही. तरीही 2007 साली किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येऊ घातला तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळात पक्षभेद विसरून विरोध झाला आणि कार्यक्रम थांबवला गेला. कर्व्यांचं राज्य म्हणून मिरवणारेही त्यात होते.

न बोलण्याची ही संस्कृती काय देते, याचा हिशेब गडचिरोलीत मांडला गेला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. दुखणं अंगावर काढणं हीच ज्यांना शालीनता शिकवली गेली, त्यांच्या शरीराची ही अवस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. 15 ते 19 वयाच्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. ज्या मुलीला आपण ‘अजून लहान आहे’ म्हणून काही सांगत नाही, तिलाच नांदायला धाडतो. तेव्हा ती मोठी होते!

आणि संस्कृतीचंच म्हणाल तर वऱ्हाडची संस्कृती कोणती? गाडगेबाबा रात्रीच्या कीर्तनात भर चावडीवर लोकांना प्रश्न विचारून दारूवर, कर्ज काढून केलेल्या सणांवर, अंधश्रद्धेवर बोलतं करत. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर व्यसनमुक्ती गायली. खासगी म्हणून झाकलेलं गावासमोर आणायचं आणि गावाकडूनच सुधारून घ्यायचं, ही आपल्या मातीतली रीत आहे.

तिसरा आक्षेप : हा घरातला मामला आहे, गावानं कशाला नाक खुपसायचं? जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्यानं गळू लागले. टक्कल पडल्याची लाज कोणाला वाटत नव्हती? तरी लोक पुढं आले, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने दिले आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं गावात पोचली. हा ज्याच्या त्याच्या डोक्याचा प्रश्न आहे असं कोणी म्हटलं नाही. मग मासिक पाळीतला त्रास, नको असलेला गर्भ, गुप्तरोग, सोळाव्या वर्षी लागलेली दारू हेच तेवढे घरात कोंडायचे का? शिवाय घर नेहमी सुरक्षित असतं असंही नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली 13 राज्यांतल्या बालकांवरील अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे 53 टक्के मुलांनी कोणत्या तरी स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, त्यांत मुलगेही जवळजवळ तितकेच होते, आणि अत्याचार करणाऱ्यांत ओळखीची, विश्वासातली माणसं फार मोठ्या संख्येनं होती. काका-मामांबद्दल तक्रार कोणाकडे करायची, हे मुलाला काका-मामांच्याच घरात कळणार नाही.

चौथा आक्षेप कायद्याचा. गुटख्यावर महाराष्ट्रानं 2012 च्या जुलैत बंदी घातली. मध्य प्रदेशानं त्याच्याही आधी, एप्रिलमध्ये. म्हणजे जळगाव जामोद, संग्रामपूरच्या सीमेपलीकडेही बंदी आणि अलीकडेही बंदी. तरी पुडी मिळते, हे सांगायला सर्वेक्षण नको. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही आणि अठराच्या आतल्यांना तर कुठंच विकायचा नाही, हा कायदा 2003 पासून आहे. बालकाला दारू-तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड, ही तरतूद 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. कायद्यांचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. राज्यातला तंबाखूचा वापर 2009–10 ते 2016–17 या काळात 31.4 टक्क्यांवरून 26.6 टक्क्यांवर आला. पण 2016–17 मध्येही 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरतच होते. कायदा विकणाऱ्याचा हात धरतो. ‘एकदा घेऊन तर पाहा’ म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर द्यायचं ते शिकवत नाही.

दारूबंदीचंही तसंच. पुरेशा महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घेऊन गावातलं दुकान बंद करता येतं. ‘आडवी बाटली’ हा महाराष्ट्रातल्या बायांनी मिळवलेला मोठा अधिकार आहे. तो बजावलाच पाहिजे. पण दुकान बंद झालं की पोरगा मोटरसायकलवर पुढच्या गावाला जातो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. तिथंसुद्धा 2016 साली ‘मुक्तिपथ’ सुरू करून गावोगावी संघटना, प्रबोधन आणि उपचार यांची जोड द्यावीच लागली. नशा फक्त बाटलीत नसते हेही लक्षात घ्या. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि 2019 मध्ये आलेल्या पाहणीत, ज्याचा वापर प्रौढांपेक्षा लहान मुलांत जास्त आहे असा एकच प्रकार निघाला : हुंगण्याचे पदार्थ. सोल्यूशनसारख्या रोजच्या वापरातल्या वस्तू दुकानातून बंद करता येत नाहीत.

पाचवा आक्षेप आमच्याच बाजूच्या लोकांचा आहे, आणि मला तो जास्त घातक वाटतो : अभ्यासक्रमात एक धडा टाका, वर्षातून एक व्याख्यान ठेवा, झालं. पुनरुत्पादनाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देणारे वर्ग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. व्यसनमुक्तीच्या नावाखाली कुजलेल्या जबड्याचं चित्र दाखवतात आणि शपथ देतात. पोरं शपथ म्हणतात आणि सुटीत टपरीवर जातात. शिवाय ज्यांना हे सगळ्यात जास्त हवं, ते वर्गात असतातच कुठं? आठवीनंतर शाळा सुटलेली मुलगी, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा, दोनदा पोलीस भरतीत नापास होऊन चौकात बसलेला तरुण, यांच्यापर्यंत शाळेची घंटा पोचत नाही. गाव पोचू शकतं.

आता मंडन. करायचं काय?

नवी योजना मागायची गरज नाही. केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 7 जानेवारी 2014 ला सुरू झाला. 10 ते 19 वयोगटासाठी त्यानं सहा विषय ठरवले. त्यांत लैंगिक आरोग्यही आहे आणि नशेचा दुरुपयोगही. सोबत पोषण, मानसिक आरोग्य, हिंसा आणि असंसर्गजन्य आजार. गावातलीच मुलंमुली निवडून त्यांना ‘साथिया’ म्हणून तयार करायचं, आणि रुग्णालयात किशोरवयीनांसाठी वेगळं मैत्री क्लिनिक ठेवायचं, हे त्यात लिहिलेलंच आहे. दोन विषय एकत्र का, याचं कारणही सोपं आहे. दारूच्या भरात मोडलेली संमती, मित्रांच्या पैजेवर केलेली छेडछाड, प्रेमभंगानंतर लागलेलं व्यसन, यांची मुळं एकाच ठिकाणी आहेत. नाही म्हणायला शिकणं आणि समोरच्याचं नाही ऐकायला शिकणं, हे दोन्ही विषयांचं पहिलं पाठ्यपुस्तक आहे.

शिकवणारी माणसं गावात आहेत : आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्षा, एखादा समंजस शिक्षक, कॉलेजला जाणारी मुलगी. मुलग्यांना मात्र मागे ठेवायचं नाही. आपलं बहुतेक किशोरवयीन काम मुलींच्या पाळीपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. 1993 साली सुरू झालेल्या ‘मावा’ या मुंबईच्या पुरुषांच्या संघटनेनं तरुण मुलग्यांशी मर्दानगी, हिंसा आणि शरीर यांवर बोलायचा मार्ग दाखवला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेची तारुण्यभान शिबिरं मुलामुलींना हेच मोकळेपणानं सांगत आली आहेत. मुलींचे आणि मुलग्यांचे वर्ग आधी वेगळे घ्यावेत, मग एकत्र.

आक्षेप घेणाऱ्यांचे दोन मुद्दे मी मान्य करतो. एक, मुलांना काय शिकवणार ते पालकांना आधी दाखवा. हा त्यांचा हक्क आहे. पहिली बैठक आईबापांचीच हवी, आणि ती आयांपुरती नको. दोन, कायद्याची भीती. पोक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या संबंधाची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळं सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्याऐवजी वैदूकडे जाते. 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर अशा गर्भपाताच्या वेळी डॉक्टरांवर पोलिसांना तिची ओळख उघड करण्याची सक्ती नाही. हे प्रत्येक आशाताईला आणि प्रत्येक पालकाला माहीत असलं पाहिजे. मुलांना कायदा सांगायचा तो पूर्ण सांगायचा, धाक घालण्यापुरता नाही.

पैसा? ग्रामपंचायतीला उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. यंत्रणा? सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असलेली ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहेच. ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तो बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही आहे. जागा? समाजमंदिर आहे. निमित्त? 12 जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंना वंदन करायला तरुण लोटतात. ज्या जिल्ह्यात मुलाला घडवणाऱ्या आईचा इतका गौरव होतो, तिथं मुलांशी बोलायला लाजणं शोभत नाही.

म्हणून सरपंचांना आणि आईबापांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा : बाल संरक्षण समितीची बैठक दर महिन्याला होईल, मुली आणि मुलगे दोघांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ वर्षभर वर्ग चालेल, आणि 1098 ही बालकांची, 14416 ही मानसिक आरोग्याची, 14446 ही व्यसनमुक्तीची दूरध्वनी सेवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवली जाईल. या तिन्हींना कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. विरोध असेल तर तोही ग्रामसभेतच, सगळ्यांसमोर, कारणं देऊन करा. त्याला तिथंच उत्तर देऊ.